घरी सॉफ्ट प्लास्टिक ल्युअर : शेपटी भरत नाही, पाठीला खड्डा, पोटात बुडबुडे

मार्वे_जेट्टी
नमस्कार मंडळी. पाऊस गेला, खाडीचं पाणी निवळायला लागलंय, आता जिताडा आणि तांबोशीचे दिवस म्हणून या वेळी ठरवलं की पॅडल टेल (वल्ह्यासारखी शेपटी असलेले मऊ प्लास्टिकचे नकली मासे, म्हणजे ल्युअर) विकत घ्यायचे नाहीत, घरीच पाडायचे. साकीनाक्याच्या एका गाळ्यात अल्युमिनियमचा दोन कॅव्हिटीचा (एका वेळी दोन पीस पाडणारा) मोल्ड म्हणजे साचा सीएनसी मशीनवर करून घेतला, चार इंची मासा, मागे गोल पॅडल. इंजेक्टर पण अल्युमिनियमचाच, हाताने दाबायचा. प्लास्टिसॉल (ल्युअर ज्याचे ओततात तो द्रव माल) वडगादीतल्या एका डीलरकडून पाच किलोचा डबा आणला. माळ्यावर पडलेला जुना मायक्रोवेव्ह काढलाय (घरच्यांनी लेखी घेतलंय की तो परत किचनमध्ये येणार नाही).

आता प्रॉब्लेम ऐका. शेपटी अर्धीच येते, पॅडल तर जवळपास कधीच पूर्ण भरत नाही. जी भरते तिच्या पाठीला मधोमध खड्डा. कापून बघितलं तर पोटात बुडबुडे. आणि एका कपातले शेवटचे दोन-तीन शॉट (एकदा दाबून भरलेले पीस) पिवळट, चहा सांडल्यागत. गरम कमी पडतंय असं वाटून जास्त गरम केलं तर अजूनच बिघडलं. फोटो टाकलेत, बघा आणि सांगा मोल्ड परत गाळ्यावर न्यायचा का.

फक्त_उधाण
एवढा खटाटोप कशाला, पाकीट विकत घे की राव

मार्वे_जेट्टी
तिवरांत रोज किती जातात ते माहिती असून असं विचारतोस? एका ओहोटीला अर्धं पाकीट मुळांना वाहतो आपण.

नागदेवी_नाना
मोल्ड नंतर ने, आधी प्रश्नांची उत्तरं दे. आयुष्य टूलरूममध्ये गेलंय माझं, त्यामुळे ऐक. स्प्रू (माल आत जायचं तोंड) नाकाकडून आहे ना, आणि मोल्ड उभा धरून वरून दाबतोस? मग माल खाली शेपटीकडे उतरतो, शेपटीची मान बारीक, तिच्याखाली पॅडल. पॅडलमधली हवा वर येणार कुठून? मानेत माल आला की हवा खाली कोंडली. याला आमच्याकडे एअर ट्रॅप म्हणतात आणि जो पीस निघतो तो शॉर्ट शॉट. फोटो मोठा करून बघितला, तुझ्या पॅडलच्या टोकाला व्हेंटच (हवा बाहेर जायची वाट) नाही. गाळ्यावाल्याने दिलेल्या दोन्ही व्हेंट पाठीवर आहेत, तिथे त्यांचा काही उपयोग नाही.

व्हेंटसाठी गाळ्यावर जायची गरज नाही. स्क्रायबर (रेघ मारायची टोकदार सळई) घे, पार्टिंग लाइनवर (दोन हाफ जुळतात तिथे) पॅडलच्या टोकापासून मोल्डच्या कडेपर्यंत एक बारीक ओरखडा मार. एकच, आणि हलका. खोल मारलास तर त्यातूनच माल बाहेर येईल आणि शेपटीला मिशी फुटेल. मिशी आली तर कात्रीने कापता येते, पण ओरखडा परत भरता येत नाही म्हणून हळू.

दुसरं, दोन्ही हाफ नीट बसतात का? ब्लू (टूलरूममधला निळा रंग) लावून बघ. एका हाफला पातळ ब्लू चोळायचा, बंद करून दाबायचं, उघडायचं. दुसऱ्या हाफवर जिथे रंग उठला नाही तिथे गॅप. सी-क्लॅम्प कडेला लावतोस की मध्ये ते पण सांग.

मार्वे_जेट्टी
नाना धन्यवाद, ओरखडा मारला, पॅडल आता दहातल्या सातांना भरतंय. क्लॅम्प मध्ये लावतो. पण खड्डा, बुडबुडे, पिवळेपणा तसाच. टेम्परेचर लेझरवाल्या गनने बघतो, कपात १७५ दाखवते. गंमत म्हणजे मोल्डला हात लावला तर चटका बसतो आणि गन म्हणते ३३. गन खराब आहे का?

रेझिनवाली
गन बरोबर आहे, तिला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे. चकचकीत अल्युमिनियम स्वतः फार कमी इन्फ्रारेड सोडतं आणि आजूबाजूचं परत फेकतं, त्यामुळे गन तुमच्या गॅलरीचं टेम्परेचर वाचतेय, मोल्डचं नाही. मोल्डच्या बाहेरच्या बाजूला काळी मॅट टेप चिकटवा किंवा काळा मार्कर फासा आणि तिथे गन धरा, लगेच फरक दिसेल.

कपात उलटा घोळ होतो. गन फक्त वरची साय वाचते. मायक्रोवेव्हमध्ये माल सारखा तापत नाही, मध्ये कुठेतरी जास्त, कडेला कमी, आणि वरची पातळी हवेला लागून थंड होते. साय १७५ असेल तर आत दहा-वीस अंश जास्त असू शकतं. ढवळा आणि लगेच बघा. त्याहून बरं म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून के-टाइप थर्मोकपल घ्या, मल्टिमीटरला लागतो, कपात बुडवून बघायचं (मायक्रोवेव्हच्या बाहेर काढल्यावर, सांगायला नको खरं तर, पण सांगते).

आता मुख्य प्रश्न. तुमचा माल तापल्यावर पारदर्शक होतो का?

मार्वे_जेट्टी
ताई नाही होत. तेच तर. सगळ्या व्हिडिओत काचेसारखा स्वच्छ होताना दिसतो, माझा राखाडी-पांढराच राहतो. म्हणून तर मी अजून तीस सेकंद, अजून तीस सेकंद करत राहतो. घट्ट पण आहे, इंजेक्टर दाबताना दंड भरून येतात.

रेझिनवाली
डबा कशासाठीचा म्हणून दिला? डीलरला विचारा, हँडल डिपिंगचा आहे का.

मार्वे_जेट्टी
विचारलं. "पकडीच्या मुठीला चढवतात तोच, एकदम फर्स्ट क्लास" म्हणाला.

रेझिनवाली
मग झालं. तुमच्या चारही तक्रारी त्या डब्यातून येतायत, मोल्डची चूक फक्त त्या एका व्हेंटपुरती.

जरा सविस्तर लिहिते कारण इथे बरेच जण हाच डबा आणतात. प्लास्टिसॉल म्हणजे पीव्हीसीची अगदी बारीक पावडर प्लास्टिसायझर नावाच्या तेलकट द्रवात कालवलेली. ही पावडर पेस्ट ग्रेडची लागते. पाइप बनवायची पीव्हीसी पावडर आणून डीओपीत (नेहमीचा एक प्लास्टिसायझर) कालवायचे प्रयोग करू नका, तिचे दाणे जाड असतात, ते तेल पिऊन फुगतात आणि हातात ओला रवा राहतो. पेस्ट ग्रेडचा माल थंड असताना पांढरा पातळ असतो. गरम केला की आधी घट्ट होतो, पार श्रीखंड, चमचा उभा राहील इतका. इथे नवखे लोक घाबरतात. अजून गरम केला की तोच माल परत पातळ होतो आणि स्वच्छ होतो, साधारण १६० ते १७५ अंशांच्या मध्ये. पावडरचा दाणा तेलात पूर्ण विरघळून एकजीव झाला की पारदर्शकपणा येतो, म्हणून तो बघायचा.

हँडलच्या मालात खडूची पावडर असते, कॅल्शियम कार्बोनेट. स्वस्त पडतो, मूठ टणक होते, माल धातूवरून ओघळत नाही. मुठीसाठी हे सगळे गुण आहेत. पण खडू विरघळत नाही, त्यामुळे माल जन्मात पारदर्शक होणार नाही आणि तुम्ही तो होईल म्हणून वाट बघत तापवत बसता. तोवर पीव्हीसी जळायला लागते, म्हणून पिवळं. जितका गरम आत गेला तितका थंड होताना जास्त आकसतो, म्हणून पाठीला खड्डा. खडूमुळे घट्ट, म्हणून बारीक मानेतून पुढे सरकत नाही आणि ढवळताना शिरलेली हवा वर येऊ शकत नाही. व्हेंटने पॅडल भरलं, कारण हवेला वाट मिळाली. बाकीचं व्हेंटने सुटणार नाही.

नागदेवी_नाना
पटलं. मी मोल्डच बघत बसलो होतो. फिटरला सगळीकडे मोल्डच दिसतो.

गोराईकर
त्यात डीओपी ओतून पातळ केला तर? पाच किलो फेकून द्यायचा का त्याने?

रेझिनवाली
पातळ होईल, मऊही होईल, खडू तसाच राहील. रंगीत, अपारदर्शक, जाडजूड शेपटीचा ल्युअर चालत असेल तर हरकत नाही, संपवा तो डबा. पण चांगला माल हवा असेल तर डीलरकडे "विना फिलर, ट्रान्स्परंट, एकदम सॉफ्ट" असं मागा (फिलर म्हणजे तोच खडू), बाहुल्या आणि खेळणी ओतणारे लोक जवळपासचा माल वापरतात. तोही मुद्दाम मऊ करून घ्यावा लागेल, आमिषात तेलाचं प्रमाण पावडरपेक्षा जास्तच असतं. आणि शक्य असेल तर डीओपी नको, डीओटीपी मागा. डीओपी हा थॅलेट (प्लास्टिसायझरचा एक प्रकार) आहे. युरोपने २००५ च्या नियमाने तो खेळण्यांमधून काढला, अमेरिकेने २००८ च्या कायद्याने. तुम्ही दिवसभर ते हातात धरून वडापाव खाणार, म्हणून सांगितलं. हीट स्टॅबिलायझरची छोटी बाटलीही घ्या, परत वितळवलेल्या भंगाराला लागते.

डबा नवा असो की जुना, आधी तळापासून हलवा. पावडर खाली बसते. वरवरचा ओतला तर पहिले ल्युअर लिबलिबीत आणि शेवटचे टणक येतात, मग लोक म्हणतात कंपनीने फसवलं.

तिवर_तळ
मध्येच विचारतो. मायक्रोवेव्ह नाही, गॅसवर जुन्या कढईत केलं तर चालेल का

रेझिनवाली
नाही. प्लास्टिसायझरची वाफ पेट घेते आणि खाली उघडी ज्योत आहे. शिवाय पीव्हीसी जास्त तापली की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओलाव्यात त्याचं ॲसिड होतं, म्हणजे तुमच्या डोळ्यांत आणि घशात. कढईच्या तळाला आधी जळतं आणि वर कच्चंच राहतं. डोळे चुरचुरले, वास तिखट आला की समजायचं माल जळाला, गरम करणं बंद, बाहेर पडा, खिडक्या उघड्या. त्यावर अजून थोडं ढवळून बघू असं करायचं नाही.

तिवर_तळ
कोविडचे एन-९५ पडलेत घरात

रेझिनवाली
ते धुळीचे. वायू त्यातून आरपार जातो. ऑरगॅनिक व्हेपर आणि ॲसिड गॅस असं दोन्ही लिहिलेली कार्ट्रिज असलेला हाफ मास्क लागतो. आणि मास्क आहे म्हणून बंद खोलीत करायचं असं नाही.

गोराईकर
आमच्याकडे बिल्डिंगच्या सेक्रेटरीने वासावरून सोसायटीच्या ग्रुपवर "कोणीतरी वायर जाळतंय" म्हणून मेसेज टाकला आणि मी पण खाली "हो हो, चौकशी व्हायला हवी" लिहिलं 😄 तेव्हापासून गावी वसईला भावाच्या पडवीत करतो.

बायकांच्या बाबतीत एक सांगतो. पहिला मऊ प्लास्टिकचा गांडूळ १९४९ साली अमेरिकेत ओहायोच्या अ‍ॅक्रन गावात निक क्रीम नावाच्या माणसाने घरच्या घरीच ओतला होता, बायकोला सोबत घेऊन. त्यामुळे घरच्यांनी कुरकुर केली की हे ऐकवायचं. माझ्या घरी उपयोग झाला नाही.

मार्वे_जेट्टी
अपडेट. विना फिलर माल मिळाला, दुसऱ्याच दुकानात, एक किलोच घेतला. ताई, काय सांगू! श्रीखंड झालं, मी धीर धरला, आणि मग एकदम स्वच्छ, कपाचा तळ दिसायला लागला. थर्मोकपलवर १६८. शेपटी पूर्ण, पिवळेपणा गायब, इंजेक्टर एका हाताने दाबला जातो. खड्डा कमी झालाय पण आहे. आणि बुडबुडे मात्र आहेतच, आता माल पारदर्शक असल्यामुळे उलट जास्तच दिसतात. नवे फोटो टाकलेत.

नागदेवी_नाना
तिसऱ्या फोटोत मोल्डच्या मागे पाण्याची बादली कशाला आहे?

मार्वे_जेट्टी
मोल्ड थंड करायला. चार-पाच शॉट झाले की फार तापतो, पीस लवकर सुटत नाही, म्हणून बुचकळून काढतो आणि फडक्याने पुसतो.

नागदेवी_नाना
आधी ती बादली उचल आणि बाथरूममध्ये ठेवून ये. फडक्याने पार्टिंग लाइन कोरडी झाली तरी डॉवेल पिनच्या (दोन हाफ जुळवणाऱ्या खिळ्यांच्या) भोकात, व्हेंटमध्ये, स्प्रूच्या कोपऱ्यात पाणी राहतं. त्यावर १७० अंशांचा माल गेला की पाण्याची जागच्या जागी वाफ. नशीब चांगलं म्हणून नुसते बुडबुडे आले. थेंब जास्त असता तर स्प्रूमधून माल उलटा तोंडावर उडाला असता आणि हा माल कातडीला चिकटून बसतो, झटकता येत नाही. थंड करायला टेबल फॅन लाव, किंवा दोन मोल्ड आलटून पालटून वापर. पीस पाण्यात टाकलेस तर चालेल, मोल्ड नाही. हातमोजे, पूर्ण बाह्या, चष्मा. चटका बसलाच तर नळाचं वाहतं पाणी, चिकटलेला माल ओढून काढायचा नाही, आणि सरळ डॉक्टर.

रेझिनवाली
नानांशी शंभर टक्के सहमत. अजून दोन ठिकाणं तपासा. रंग कोणता टाकताय? केकचा फूड कलर असेल तर तो पाण्यातला असतो, तोही वाफच करणार. प्लास्टिसॉलसाठी घोटलेला रंगच हवा. आणि मीठ घालत असाल तर मुंबईच्या हवेत मिठाचा डबा कधीच कोरडा नसतो, ओव्हनमध्ये तापवून, थंड करून मग घाला.

गोराईकर
इंजेक्टर भरताना नोझल मालात पूर्ण बुडालेलं असतं ना? कप संपत आला की लोक तिरका करून ओढतात, तिथे हवा शिरते. आणि प्लंजरची (दाबायच्या दांड्याची) ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी सील, बघ. साधी काळी नायट्रिल असेल तर ती १००-१२० अंशांच्या वर फार दिवस काढत नाही, कडक होते, मग भरताना मागून हवा ओढते. नागदेवीला व्हायटॉनची मिळते, तपकिरी किंवा हिरवी असते बहुतेक वेळा, २०० पर्यंत टिकते. साइज न्यायला जुनी रिंग खिशात टाकून ने, नाहीतर दुकानदार चार फेऱ्या मारायला लावतो.

एवढं करूनही राहिले तर व्हॅक्यूम. मी भंगारातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर, जुना प्रेशर कुकर आणि वर जाड ॲक्रिलिकचं झाकण (माझं २० एमएम आहे) असं जुळवलंय. थंड माल गरम करायच्या आधी त्यात ठेवायचा. हवा सुटताना फेस येऊन माल तिप्पट-चौपट फुगतो, म्हणून भांडं पाव भागच भरायचं, नाहीतर कॉम्प्रेसर प्लास्टिसॉल पितो. फेस बसला की अजून थोडा वेळ ठेवायचा. काचेची बरणी कधीच वापरू नका, आतल्या आत फुटते. आणि कॉम्प्रेसर स्वतः कापून काढू नका, नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, तो आयसोब्युटेन, म्हणजे जवळपास शेगडीचाच गॅस. फ्रिजवाल्याकडून गॅस काढलेला घ्या.

नागदेवी_नाना
आता खड्डा. स्प्रूचा गळा किती आहे? फोटोवरून तीन एमएमच्या आसपास वाटतोय. पाठ जाड, गळा बारीक. गळा आधी गोठतो, पाठ आतून अजून गरम, ती आकसताना तिला नवा माल मिळत नाही, मग वरून खचते. यालाच सिंक मार्क म्हणतात. गळा पाच एमएम करून घे.

गोराईकर
नाना, गळा मोठा केला की नाकावर कापल्याची खूण मोठी राहते. मी तीन एमएमवरच चालवतो. भरल्यावर इंजेक्टर लगेच उचलत नाही, दहा-पंधरा सेकंद हलका दाब ठेवतो, उचलल्यावर स्प्रूच्या खळग्यात थोडा माल वरून सोडतो, आकसताना तो आत ओढला जातो. आणि मोल्ड पहिल्या शॉटला एकदम गार नको, कोमट हवा. पहिले दोन शॉट मी भंगारातच धरतो.

नागदेवी_नाना
दाब ठेवणं बरोबर, हार्ड प्लास्टिकच्या मशीनवर पण होल्डिंग प्रेशर असतंच. पण हाताचा दाब दर वेळी सारखा नसतो. मी असतो तर गळा मोठा केला असता.

मार्वे_जेट्टी
ड्रिल मारायच्या आधी दाब ठेवून बघितला. खड्डा गेला. एका कॅव्हिटीत अगदी बारीक राहतो, बोट फिरवलं तर कळतो, माशाला कळेल असं वाटत नाही. मोल्ड कोरडा, ओ-रिंग बदलली, आता क्वचित एखादा बुडबुडा. नाना, ड्रिल सध्या नाही मारत, रागावू नका.

काल संध्याकाळच्या भरतीला मनोरीच्या बाजूला गेलो होतो. शेपूट मस्त हलते, हळू ओढलं तरी. एक छोटा तांबोशी आला, सोडला.

फक्त_उधाण
फोटो?

मार्वे_जेट्टी
हात ओले होते

फक्त_उधाण
नेहमीचं आहे 😏

तिवर_तळ
चमकी कुठली टाकलीस? मी क्राफ्टच्या दुकानातली टाकली तर सोनेरीची राखाडी झाली आणि कडा वळल्या.

गोराईकर
ती उष्णतेत टिकत नाही, रंग सोडते. पॉलिस्टरची, हीट रेझिस्टंट म्हणून मागायची. टेस्ट सोपी आहे, थोड्याशा मालात चिमूटभर टाकून एकदा गरम कर, मालाला रंग सुटला तर ती घरच्या पोरांच्या प्रोजेक्टला दे. चमकी पण तळाला बसते, म्हणून प्रत्येक वेळी इंजेक्टर भरायच्या आधी ढवळ.

मार्वे_जेट्टी
शेवटचा प्रश्न. आठवडाभर बॉक्समध्ये ठेवलेले ल्युअर काढले तर बॉक्सचा तळच विरघळल्यासारखा झालाय, चिकट, खड्डे पडलेत. लाल ल्युअरचा रंग पांढऱ्याला लागलाय तो वेगळाच. आणि त्यातच विकतचे दोन ताणले जाणारे होते त्यांचा तर नुसता चिखल.

रेझिनवाली
तिन्ही गोष्टी प्लास्टिसायझरमुळे. तो ल्युअरमध्ये कायमचा बांधलेला नसतो, हळूहळू बाहेर येतो आणि ज्याला विरघळवू शकतो त्याला विरघळवतो. तुमचा बॉक्स बहुतेक पॉलिस्टायरीनचा आहे, तो कडक, काचेसारखा स्वच्छ आणि वाकवला तर तडकणारा असतो. ताणले जाणारे ल्युअर टीपीईचे (पीव्हीसीहून वेगळं, रबरासारखं प्लास्टिक), पीव्हीसी आणि टीपीई एकत्र ठेवले की असंच होतं, त्यांना स्वतंत्र पाकीट. लाल आणि काळा रंग नेहमी वेगळे ठेवा, हे डाग निघत नाहीत. खराब झालेले पीव्हीसीचे सगळे कापून रंगाप्रमाणे वेगळे करा आणि परत वितळवा, थोडा प्लास्टिसायझर आणि स्टॅबिलायझर घालून. खाडीत टाकू नका. टीपीईवाले त्यात अजिबात मिसळू नका, कप फुकट जाईल.

बॉक्स घेताना उलटा करून बघा, तळाला त्रिकोणात आकडा असतो. ५ असेल तर पॉलिप्रोपिलीन, तो घ्या. ६ असेल तर ठेवून द्या.